अण्णाआजोबांचा कागद

लहानपणी जेवताना आम्ही पितळी भांड्यावर चमचा वाजवला की आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘झालं! भावोजींनी पोरांना पुन्हा नादी लावलं!’ भावोजी म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, आमचे अण्णाआजोबा. बोलताना त्यांची बोटं कशावर ना कशावर वाजत असायची. एक छोटा ठोका, मग एक लांब, म्हणजे ‘ए’. उलट केलं की ‘एन’. मोर्सची ही तारेची लिपी आम्ही नातवंडं बाराखडीच्या आधी शिकलो असू.

गाव आमचं जयगडजवळचं. वयाच्या सतराव्या वर्षी, 1943 साली, जत्रेला जातो म्हणून सांगून अण्णाआजोबा घराबाहेर पडले आणि मचव्यात बसून मुंबईला आले. लढाईचे दिवस. रॉयल इंडियन नेव्हीत भरती जोरात चालली होती, आणि कोकणातली मुलं तर दर्यावरच वाढलेली. पुढे नौदल सुटल्यावर त्यांनी मंगळुरी कौलांच्या गलबतांवर तांडेलकी केली, एकदा वादळात डोलकाठी तोडून गलबत वाचवलं, आणि पन्नाशीच्या घरात असताना पैज लावून जयगडहून तवसाळच्या काठाला पोहत गेले. हे सगळं आम्ही त्यांच्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं ते एवढंच, की नौदल सुटलं कसं?

ते मला समजलं ते त्यांच्याकडून तुकड्यातुकड्यांनी, आणि उरलेलं पुस्तकांतून.

अण्णाआजोबा कुलाब्याच्या ‘तलवार’वर होते. नाव जहाजासारखं असलं तरी ‘तलवार’ म्हणजे जमिनीवरची, संदेशवहन शिकवणारी संस्था. लढाई संपली होती. गोऱ्या नाविकांना एक वागणूक आणि आपल्यांना दुसरी, जेवणात खडे, वर अधिकाऱ्यांची शिवीगाळ. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथल्या भिंतींवर ‘जय हिंद’ आणि ‘चले जाव’ रंगवलेलं सापडलं, आणि बलाई चंद्र दत्त या तरुण नाविकाला अटक झाली. (दत्तांनी पुढे 1971 साली या उठावावर पुस्तकही लिहिलं.) 18 फेब्रुवारी 1946 च्या सकाळी नाविकांनी न्याहारी नाकारली. खाणार नाही, काम करणार नाही!

आता गंमत बघा. ज्यांना साम्राज्यानं बिनतारी यंत्रं चालवायला शिकवलं, त्यांनीच संप पुकारला होता. बातमी पसरायला वेळ कितीसा लागणार? दोन-चार दिवसांत 78 जहाजं, किनाऱ्यावरची 20 ठाणी आणि सुमारे 20,000 नाविक त्यात उतरले. मुंबईपासून कराचीपर्यंत. जहाजांवरचा युनियन जॅक उतरला आणि काँग्रेस, मुस्लिम लीग व कम्युनिस्ट पक्ष यांचे झेंडे शेजारी शेजारी चढले. त्या वर्षात असं दृश्य दुसरं दिसलं नसेल. संपसमितीचे अध्यक्ष होते एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग.

21 तारखेला कॅसल बॅरॅक्सला, म्हणजे आजच्या ‘आयएनएस आंग्रे’च्या जागी, गोळीबार झाला. नाविकांचं अन्नपाणी तोडलं गेलं, तेव्हा मुंबईकर फळं, पाव, दूध घेऊन गेटवेवर जमले आणि होड्यांतून ते सारं जहाजांकडे गेलं. अण्णाआजोबा एवढी एक गोष्ट मात्र खुलून सांगत. ‘शहरानं आम्हाला जेवू घातलं रे,’ म्हणायचे आणि तिथेच थांबायचे.

कारण पुढचा दिवस 22 फेब्रुवारीचा होता. नाविकांच्या पाठिंब्यासाठी हरताळ झाला, गिरण्या बंद पडल्या, कामगार रस्त्यावर आले आणि लष्करानं गोळ्या चालवल्या. मुंबईत दोनशेहून अधिक माणसं मेली. परळला कमल दोंदे या कार्यकर्तीचा बळी गेला. त्या हरताळात माझे आजोबाही होते. परळच्या गिरणीतून ते बाहेर पडले होते, आणि आपला धाकटा भाऊ जिवंत आहे की नाही हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

सरदार पटेलांनी शरण जाण्याचा सल्ला दिला. 23 तारखेला सकाळी नाविकांनी शस्त्रं खाली ठेवली. आपण इंग्रजांना नव्हे, हिंदुस्थानला शरण जात आहोत, असं त्यांनी बजावलं. पाठोपाठ अटका झाल्या. अण्णाआजोबा मुलुंडच्या छावणीत होते. चारशेहून अधिक जणांना कामावरून काढलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी देश स्वतंत्र झाला तरी या लोकांना परत घेतलं गेलं नाही. ना इथल्या नौदलानं, ना पाकिस्तानच्या. मला विचाराल, तर या उठावाच्या गोष्टीतला सर्वांत बोचरा भाग हाच.

बडतर्फीचा कागद घेऊन आजोबा घरी आले. त्या कागदापायी सरकारी नोकरी मिळेना. ते तो फाडून चुलीत घालायला निघाले, तेव्हा आजीनं काढून घेतला आणि पत्र्याच्या ट्रंकेत गणपतीच्या मखराच्या कापडाखाली ठेवला. ‘असू दे, कागद आहे, खायला मागत नाही,’ एवढंच म्हणाली.

1972 साली केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शन सुरू केली, आणि पुढे नौदलाच्या उठावातल्यांनाही ती मिळू लागली. पुरावा काय, तर तोच कागद! आजीनं ट्रंक उघडली. अण्णाआजोबा मात्र अर्जावर सही करीनात. ‘वहिनी, आम्ही आत होतो. मेले ते बाहेरचे. त्यांना कुठली पेन्शन?’

आजी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गळक्या पडवीत पातेलं ठेवत म्हणाली, ‘भावोजी, पावसाळा तोंडावर आलाय. छप्पर काय तुमच्या तत्त्वांनी शाकारू?’ त्यांनी सही केली.

पहिले पैसे आले तेव्हा मी मुंबईला कॉलेजात होतो. अण्णाआजोबा एसटीनं आले आणि मला म्हणाले, ‘परळला ने.’ नाक्यावर एका बाजूला उभे राहिले. चपला काढल्या. माणसं आजूबाजूनं जात होती, एकदोघांनी वळून पाहिलं. पाचेक मिनिटांनी चपला घालत म्हणाले, ‘चल, चहा घेऊ.’ इराण्याकडे बसलो, तर बोटं टेबलावर अगदी स्वस्थ होती.