दिव्यांगत्वदर्शक इमोजी

दिव्यांगत्वदर्शक इमोजी म्हणजे दिव्यांग व्यक्ती, त्यांची सहायक साधने व सहायक श्वान दर्शविणारी युनिकोड मानकातील चित्रचिन्हे होत. यांपैकी बहुतेक चिन्हे २०१९ मध्ये इमोजी १२.० या आवृत्तीत समाविष्ट झाली.

इतिहास

चाकाच्या खुर्चीचे आंतरराष्ट्रीय सुगम्यता चिन्ह १९६८ मध्ये सुसान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने रेखाटले. त्यावरील डोक्याचे वर्तुळ नंतर जोडण्यात आले. २००५ मध्ये हे चिन्ह युनिकोडमध्ये आले. मात्र ते व्यक्तीचे चित्र नसून सोयीची खूण आहे. वाहनतळ, प्रसाधनगृह, रेल्वेचा डबा अशा ठिकाणी ते आढळते. मार्च २०१८ मध्ये अ‍ॅपल कंपनीने अमेरिकेतील अंध, कर्णबधिर व सेरेब्रल पाल्सी या क्षेत्रांतील संस्थांशी विचारविनिमय करून १३ नव्या इमोजींचा प्रस्ताव युनिकोड कन्सॉर्शियमकडे मांडला. पुढे २०२१ मध्ये कुबडीची, तर २०२३ मध्ये उजवीकडे तोंड असलेल्या चाकाच्या खुर्चीतील आणि पांढरी काठी घेतलेल्या व्यक्तींची भर पडली.

चिन्हे व अर्थ

* दृष्टी : पांढरी काठी, काठी घेतलेली व्यक्ती, मार्गदर्शक श्वान.
* श्रवण : श्रवणयंत्र लावलेला कान, कर्णबधिर व्यक्ती. दुसऱ्या चिन्हातील कानाजवळचे बोट अमेरिकी सांकेतिक भाषेतील 'बधिर' या खुणेवरून घेतले आहे.
* हालचाल : हाताने चालणारी व विजेवर चालणारी खुर्ची, त्यांतील व्यक्ती, कृत्रिम हात व पाय.
* सहायक श्वान : बाहेरून न दिसणाऱ्या दिव्यांगत्वाचाही निर्देश करण्यासाठी हे चिन्ह प्रस्तावित झाले.

रचना

युनिकोड केवळ संकेतांक व नाव ठरवते. चित्र प्रत्येक कंपनी स्वतः काढते. 'काठी घेतलेली व्यक्ती' हे चिन्ह व्यक्ती आणि काठी या दोन संकेतांकांना अदृश्य जोडचिन्हाने जोडून तयार होते. त्यामुळे जुन्या मोबाइलवर ते एकसंध चित्र म्हणून दिसत नाही.

वापर

स्वतःची ओळख सांगणे, सुगम्य जागेची माहिती देणे आणि ३ डिसेंबरच्या आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिनासारख्या प्रसंगी संदेश पाठवणे यांसाठी ही चिन्हे वापरली जातात. अंध वापरकर्त्यांचे स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर इमोजीचे नाव वाचून दाखवते. एकच चिन्ह दहादा टाकल्यास तेच नाव पुनःपुन्हा ऐकावे लागू शकते. इमोजींची मराठी नावेही युनिकोडच्या भाषाविषयक माहितीसंग्रहात आहेत.

काही चिन्हांचा अर्थ वापरात बदलतो. 'म्यूइंग' या समाजमाध्यमांवरील विनोदप्रकारात कर्णबधिर व्यक्तीची इमोजी रेखीव जबडा दाखवण्याची खूण म्हणून वापरली गेली. त्यात कर्णबधिरत्वाचा संदर्भ उरत नाही.

मर्यादा

भारताच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य आहेत. त्यांत स्वमग्नता, मानसिक आजार, विशिष्ट अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया तसेच विदर्भातील आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल आजार यांचाही समावेश आहे. उपलब्ध इमोजी मुख्यतः साधनावरून ओळखू येणारे दिव्यांगत्व दाखवतात. त्यामुळे कायद्याने मान्य केलेल्या अनेक प्रकारांसाठी स्वतंत्र चिन्ह नाही, आणि चाकाची खुर्चीच सर्व दिव्यांगत्वाची सर्वसाधारण खूण म्हणून वापरली जाते.