ध्रुवीय प्रदेशांतील स्की-विमाने

हिम किंवा बर्फ यांनी आच्छादलेल्या पृष्ठभागावरून उड्डाण करण्यासाठी व त्यावर उतरण्यासाठी चाकांऐवजी अथवा चाकांच्या जोडीला लांबट, रुंद पट्ट्या (स्की) बसविलेल्या विमानांस स्की-विमाने म्हणतात. ध्रुवीय प्रदेशांतील विमानविद्येचा इतिहास बहुधा विक्रमी उड्डाणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि तेथील खरा प्रश्न हवेत राहण्याचा नसून खाली उतरण्याचा व तेथून पुन्हा वर उठण्याचा होता. जेथे विमान उतरू शकत नाही, तेथे अडकलेल्या माणसाला त्याचा उपयोग मर्यादितच असतो.

रचना व कार्य : चिखलावर फळी टाकून चालले असता माणूस रुतत नाही, याच तत्त्वानुसार स्की विमानाचा भार मोठ्या क्षेत्रफळावर विभागते व विमान मऊ हिमात रुतत नाही. स्की सरकत असताना घर्षणाने हिमाचा अतिशय पातळ थर वितळतो व तो वंगणाचे काम करतो. परंतु तापमान –५०° से.च्या आसपास उतरले म्हणजे हा थर तयार होत नाही. अशा वेळी हिम वाळूसारखे वागते व विमानाला वेग घेता येत नाही. शिवाय उभ्या असलेल्या विमानाच्या स्की पृष्ठभागाला गोठून चिकटतात. विमान फळ्यांवर उभे करणे, उतरल्यावर शक्यतो न थांबणे, हे उपाय त्यासाठीच योजले जातात. वाऱ्याने कोरलेले हिमाचे कठीण वरंबे आदळून स्की मोडण्याचा धोकाही असतो. चाके व स्की यांपैकी हवे ते वापरता यावे, म्हणून स्की वरखाली करता येणारी योजना पुढे प्रचारात आली.

प्रारंभीचे प्रयत्न : ऑस्ट्रेलियाचे समन्वेषक डग्लस मॉसन यांनी १९११ मध्ये अंटार्क्टिकाच्या मोहिमेसाठी एक विमान घेतले होते, परंतु ते ॲडिलेड येथेच अपघातात मोडले. पंख काढून टाकून त्याचा उपयोग घसरगाडी ओढण्यासाठी करण्यात आला. १९२५ मध्ये रोआल आमुनसेन व त्यांचे पाच सहकारी दोन जलविमानांतून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि सु. ८८° उत्तर अक्षांशाजवळ उतरले. तेथून एका विमानाला उड्डाण करता यावे म्हणून त्यांना तीन आठवड्यांहून अधिक काळ बर्फ फोडून व तुडवून धावपट्टी तयार करावी लागली. अखेर १५ जून रोजी सहाही जण त्या एकाच विमानातून परतले.

अमेरिकेचे रिचर्ड बर्ड (१८८८–१९५७) यांच्या विमानाला १९२६ मध्ये स्की बसविलेल्या होत्या. स्पिट्सबर्गेन येथील चाचण्यांत त्या मोडल्या, तेव्हा बर्न्ट बाल्कन या नॉर्वेजियन वैमानिकाने दुरुस्तीस साहाय्य केले. ९ मे रोजी आपण उत्तर ध्रुवावर पोहोचलो, हा बर्ड यांचा दावा पुढे वादग्रस्त ठरला. मार्च १९२७ मध्ये ह्यूबर्ट विल्किन्स व कार्ल बेन आयेल्सन हे अलास्काच्या उत्तरेस तरंगत्या बर्फावर स्की-विमान घेऊन उतरले. परतताना इंधन संपल्यामुळे त्यांना पुन्हा बर्फावरच उतरावे लागले व अनेक दिवस पायपीट करून किनारा गाठावा लागला. १९२८ च्या एप्रिलमध्ये मात्र याच जोडीने अलास्कापासून स्पिट्सबर्गेनपर्यंतचे उड्डाण यशस्वी केले.

संकटविमोचन : २५ मे १९२८ रोजी ऊंबेर्तो नोबीले यांचे ‘इटालिया’ हे हवाई जहाज स्पिट्सबर्गेनच्या ईशान्येस बर्फावर कोसळले. शोधासाठी निघालेले आमुनसेन यांचे जलविमान १८ जून रोजी बेपत्ता झाले व त्यातील कोणीही परतले नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत स्वीडनचे आयनार लुंडबोर्ग यांनी आपले लहानसे स्की-विमान अपघातग्रस्तांच्या तंबूजवळ उतरविले व नोबीले यांना बाहेर काढले. दुसऱ्या खेपेस मात्र विमान उलटले आणि सोडवणूक करणारे लुंडबोर्ग स्वतःच तेथे अडकले. ६ जुलै रोजी दुसऱ्या हलक्या स्की-विमानाने त्यांना आणले. उरलेल्यांची सुटका १२ जुलै रोजी ‘क्रासिन’ या सोव्हिएट बर्फफोड्या जहाजाने केली. स्की-विमानाचे सामर्थ्य व मर्यादा ही दोन्ही या एकाच प्रसंगात स्पष्ट झाली.

दक्षिण ध्रुवाकडे : २८–२९ नोव्हेंबर १९२९ रोजी बर्ड यांनी दक्षिण ध्रुवावरून उड्डाण केले, वैमानिक बाल्कन हेच होते. पर्वतरांग ओलांडण्याइतकी उंची मिळावी म्हणून वाटेत आणीबाणीची शिधासामग्री खाली टाकावी लागली. मात्र ध्रुवावर ते उतरले नाहीत. १९३५ मध्ये लिंकन एल्सवर्थ व हर्बर्ट हॉलिक-केन्यन यांनी वाटेत चार ठिकाणी हिमावर उतरून सु. ३,५०० किमी.चा अंटार्क्टिकाचा प्रवास केला. या चार मुक्कामांनी हे सिद्ध केले की, हवामान बिघडल्यास स्की-विमान खाली उतरून वाट पाहू शकते. २१ मे १९३७ रोजी मिखाईल व्होडोप्यानोव्ह यांनी चार एंजिनांचे जड सोव्हिएट विमान उत्तर ध्रुवाजवळ उतरविले आणि इव्हान पापानिन यांच्या चौघांच्या तुकडीने तरंगत्या बर्फावर संशोधन केंद्र थाटले.

दक्षिण ध्रुवावरील पहिले अवतरण त्यानंतर १९ वर्षांनी झाले. ३१ ऑक्टोबर १९५६ रोजी अमेरिकी नौदलाचे गस शिन यांनी ॲडमिरल जॉर्ज ड्यूफेक व इतर सहकाऱ्यांसह डकोटा जातीचे स्की-विमान तेथे उतरविले. १९१२ मध्ये रॉबर्ट स्कॉट परतीला लागल्यापासून तेथे कोणाचेही पाऊल पडलेले नव्हते. तापमान सु. –५०° से. होते व मुक्काम अवघा ४९ मिनिटांचा झाला. तेवढ्यात स्की गोठून चिकटल्या आणि १५ साहाय्यक रॉकेटे डागून विमान उचलावे लागले. १९६० पासून स्की बसविलेली हर्क्युलिस विमाने तेथे जाऊ लागली. त्यांच्या मुख्य स्की सु. ६ मी. लांब असतात. ४ डिसेंबर १९७१ रोजी असेच एक विमान पूर्व अंटार्क्टिकात अपघाताने मोडून हिमात गाडले गेले. ते १९८७ मध्ये खणून काढले गेले व १९८८ मध्ये उडाले. पण त्यासाठी सुटे भाग नेणारे दुसरे विमान कोसळून दोघांचा बळी गेला.

भारतीय मोहिमा : भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातील मार्मागोवा बंदरातून ‘पोलर सर्कल’ या जहाजाने निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे पोहोचली. जहाजापासून बर्फावर माणसे व सामान नेण्यासाठी हेलिकॉप्टरे वापरण्यात आली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे केंद्र उभारले गेले. नागपूर येथे जन्मलेल्या सागरवैज्ञानिक अदिती पंत या मोहिमेत होत्या. जहाज परत फिरल्यावर तेथे हिवाळा काढणाऱ्यांना पुढील उन्हाळ्यापर्यंत स्वतःवरच विसंबून राहावे लागे.

हे अंतर पुढे विमानांमुळे कमी झाले. वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र (स्थापना १९९८) या मोहिमांचे संयोजन करते. अकरा राष्ट्रांच्या सहकारी हवाई व्यवस्थेत भारत सहभागी आहे. केपटाउनहून येणारी मोठी विमाने ‘मैत्री’ केंद्रानजीकच्या कठीण, निळसर बर्फाच्या धावपट्टीवर चाकांवर उतरतात. तेथून पुढे हिमावरील ठिकाणी जाण्यासाठी स्की-विमानेच लागतात. २०१२ मध्ये सुरू झालेले ‘भारती’ केंद्र ‘मैत्री’पासून सु. ३,००० किमी. दूर असून त्या बाजूची ये-जा अशा विमानांनी होते. त्यांपैकी बासलर विमान म्हणजे नवी टर्बोप्रॉप एंजिने बसविलेला जुना डकोटाच होय. दक्षिण ध्रुवावर प्रथम उतरलेल्या विमानाचेच कूळ अशा प्रकारे आजही भारतीय संशोधकांच्या उपयोगी पडत आहे.

तथापि ही सोय उन्हाळ्यापुरतीच आहे. २००१ च्या एप्रिलमध्ये दक्षिण ध्रुवावरील एका आजारी डॉक्टरला आणण्यासाठी ट्विन ऑटर जातीचे लहान स्की-विमान –६०° से.खालील थंडीत व अंधारात उतरविण्यात आले, तेव्हाही त्याच्या स्की गोठल्याच होत्या. अशी उड्डाणे विरळाच. ढगाळ हवेत सावल्या नाहीशा होऊन आकाश व हिमभूमी एकरूप होतात आणि उंचीचा अंदाज चुकतो. वर्षातील कित्येक महिने तर सूर्यच नसतो. म्हणून हिवाळ्यासाठी केंद्रावर राहणारी तुकडी निवडताना डॉक्टर, औषधे व इंधनसाठा यांचा विचार विमानावर भिस्त न ठेवता करावा लागतो.