आदर्श: उरलेले दिवस

गोव्यातल्या तुयेत जमिनीचा व्यवहार ठरला की आधी एक-चौदाचा उतारा काढतात. जमीन कोणाची, कूळ कोण, ते तिथे दिसते. मुंबईत कुलाब्याच्या 'आदर्श' गृहनिर्माण सोसायटीचे कागदही असेच बोलत होते.

२ जून २०००. उरले ३,८१२ दिवस.
कारगिल युद्ध संपून वर्षही झालेले नाही. महसूलमंत्री अशोक चव्हाण यांची सोसायटीसोबत बैठक. सैनिकांच्या नावाने उभ्या राहणाऱ्या सोसायटीत ४० टक्के नागरिक घेण्याला त्यांनी वाट करून दिली, असा आरोप पुढे सीबीआयने ठेवला. चव्हाणांनी आरोप फेटाळले.

१० एप्रिल २००२. उरले ३,१३५.
मुख्यमंत्री विलासराव देशमुख. कॅप्टन प्रकाश पेठे मार्गाची नियोजित रुंदी ६०.९७ मीटरवरून १८.४० मीटर. रस्ता आक्रसला, सोसायटीसाठी भूखंड मोकळा झाला.

११ मार्च २००३. उरले २,८००.
केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे पत्र. त्यात किनारपट्टी नियमांखालची परवानगी नव्हती. राज्यात तेच पत्र परवानगी म्हणून चालले. पुन्हा वाचायला पाच मिनिटे पुरली असती.

९ जुलै २००४. उरले २,३१४.
मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे. सरकारी जमीन सोसायटीला देण्याचा आदेश.

८ डिसेंबर २००८. उरले ७०१.
२६/११नंतर विलासराव पायउतार. चव्हाण मुख्यमंत्री.

१६ सप्टेंबर २०१०. उरले ५४.
३१ मजले पूर्ण. एमएमआरडीएचे भोगवटा प्रमाणपत्र मिळाले.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा.
सदनिकाधारकांची नावे वर्तमानपत्रांत. चव्हाणांच्या सासूबाईंचे नावही त्यात.

३० ऑक्टोबर. उरले १०.
दिल्लीत सोनिया गांधींकडे चव्हाणांची राजीनाम्याची तयारी. निर्णय राखून ठेवला.

७ नोव्हेंबर. उरले २.
चव्हाणांच्या दुसऱ्या शपथविधीला आज वर्ष. ओबामा मुंबईहून दिल्लीला रवाना; राजीनाम्याचा निर्णय अजून बाकी.

९ नोव्हेंबर २०१०. उरले ०.
संसदेचे हिवाळी अधिवेशन आजपासून. मुख्यमंत्री अशोक चव्हाणांचा राजीनामा मंजूर. दोन दिवसांनी पृथ्वीराज चव्हाणांचा शपथविधी.

त्यानंतर.
'आदर्श'च्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती जे. ए. पाटील आयोगाने २५ सदस्य अपात्र ठरवले. अहवाल २० डिसेंबर २०१३ रोजी विधिमंडळात आला. अशोक चव्हाणांवर खटला चालवण्याची राज्यपालांची मंजुरी उच्च न्यायालयाने २२ डिसेंबर २०१७ रोजी रद्द केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते भाजपमध्ये गेले.

इमारत पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला, सर्वोच्च न्यायालयाने थांबवला. ज्या सैनिकांचे नाव पहिल्या अर्जापासून पुढे होते, त्यांच्यासाठी पहिला कागद कोणीतरी नीट वाचायला हवा होता. तेव्हा ३,८१२ दिवस हाताशी होते.