रूथ एला मूर : थुंकीतला जंतू आणि वेगळ्या बाटलीतले रक्त

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली. १९७२ साली दलित पँथरने तर नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. पण त्या समाजाने प्रयोगशाळेत जी झुंज दिली, तिच्याकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. म्हणून रूथ एला मूर यांच्याविषयी लिहितो आहे.

जन्म १९०३, ओहायो राज्यातील कोलंबस. तेथील ओहायो स्टेट विद्यापीठातून १९२६ साली बी. एस्सी., १९२७ साली एम. ए. झाल्या, म्हणजे आपली माणसे चवदार तळ्यावर ओंजळ भरत होती त्याच वर्षी. मग टेनेसीतील कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात आरोग्यशास्त्राबरोबर इंग्रजीही शिकवले. (मिळेल तो विषय शिकवत पुढे शिकणे म्हणजे काय, हे घरातला पहिला पदवीधर असलेल्या मला कोणी समजावून सांगायला नको.) १९३३ साली जीवाणुशास्त्रात पीएच. डी. मिळाली. निसर्गविज्ञानात ही पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री.

'पहिली' अशी नोंद करून आपण मोकळे होतो. विषय कोणता होता ते पाहा. क्षयाचा जंतू. क्षयाने कृष्णवर्णीय माणसे गोऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक मरत होती, स्ट्रेप्टोमायसिन सापडायला अजून दहा वर्षे होती, आणि अनेक गोरे डॉक्टर दोष कोंदट खोल्यांना आणि अर्धपोटी राबण्याला न देता वंशाला देत होते. कॉखने १८८२ साली जंतू दाखवून दिल्यानंतरही! मूर यांच्या प्रबंधाचा एक भाग थुंकी व लघवीतील विरळ जंतू तपासणीसाठी एकवटण्याच्या नव्या पद्धतीविषयी आहे. थुंकीच्या एका थेंबात जंतू सापडेलच असे नाही. सापडत नाही तोवर रोगी निरोगी ठरतो आणि घरभर खोकत राहतो.

१९४० साली त्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात वैद्यक महाविद्यालयात आल्या. १९४८ साली विभागाची प्रभारी सूत्रे त्यांच्याकडे आली. याच काळातली एक गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. १९४१ साली अमेरिकन रेडक्रॉसने कृष्णवर्णीयांचे रक्तच नाकारले. १९४२ पासून घेतले, पण वेगळे ठेवले. ही रीत १९५० पर्यंत चालली. रक्तगट सापडून तोवर चाळीस वर्षे उलटली होती. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही त्याच्या रक्ताची बाटली निराळी, एवढेच त्यातले शास्त्र. रक्तद्रव साठवण्याच्या कामातले अग्रणी चार्ल्स ड्रू हॉवर्डमध्येच होते. त्यांनी याचा उघड निषेध केला. मूर यांनी १९५५ साली अमेरिकन कृष्णवर्णीयांतील ए-बी-ओ, एम-एन व आर-एच रक्तघटकांवर निबंध प्रसिद्ध केला. गट तेच, जे गोऱ्यांत; फरक केवळ प्रमाणाचा.

माझ्या वर्गातील आपली मुले 'सायन्स आपले नव्हे' म्हणून कला शाखेकडे वळतात. त्यामागे प्रॅक्टिकलचा खर्च असतो हे खरे, पण आपण त्यांच्यापुढे नावे तरी कोणती ठेवली?

मूर १९७३ साली निवृत्त झाल्या, १९९४ साली वारल्या. बाई शिवणकामात निष्णात होत्या, स्वतःचे कपडे स्वतः शिवत.