नेत्र-लिम्फोमा आणि जीवाणुसंसर्ग

डोळ्याभोवतालच्या ऊतींत, म्हणजे नेत्रश्लेष्मला, अश्रुग्रंथी, पापणी व नेत्रकोटर यांत होणाऱ्या लिम्फोमाचा (लसीका-पेशींच्या कर्करोगाचा) दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या जीवाणुसंसर्गाशी असलेला संभाव्य संबंध. हे लिम्फोमा बहुधा बी-पेशींचे, ‘माल्ट’ (श्लेष्मल आवरणाशी निगडित लसीका-ऊतीच्या) प्रकारचे आणि मंदगतीने वाढणारे असतात. पापणीआड गुलाबी-केशरी मांसल डाग दिसतो, डोळा हळूहळू पुढे येतो, एकाच्या दोन वस्तू दिसतात. दुखत फारसे नाही, म्हणून ॲलर्जी समजून थेंब घालण्यात महिने जातात. नेत्रगोलाच्या आतला, मेंदूशी निगडित असलेला आक्रमक लिम्फोमा वेगळा. पुढील माहिती त्याला लागू नाही.

या संशयाचे मूळ जठरात आहे. जठराच्या माल्ट लिम्फोमात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू सर्रास आढळतो, असे लंडनच्या संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवले. १९९३ मध्ये त्यांनीच, केवळ प्रतिजैविकांनी जीवाणू घालवल्यावर ६ पैकी ५ रुग्णांचा लिम्फोमा ओसरल्याचे नोंदवले. संसर्ग हटत नाही तोवर प्रतिकारशक्ती बी-पेशींना वाढायला चेतवत राहते आणि त्या सततच्या विभाजनात जनुकीय बिघाड साचत जातात, अशी यामागची उपपत्ती आहे.

डोळ्याच्या बाबतीत संशयित ठरला क्लॅमिडिया सिटासी. हा पोपट, कबुतरे, कोंबड्या यांच्यात वावरणारा जीवाणू माणसाला एरवी न्यूमोनिया देतो. खुपरीला कारण होणारा क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस याच कुळातला, पण निराळा. इटलीतील आंद्रेस फेरेरी व सहकाऱ्यांना २००४ मध्ये ४० पैकी ३२ गाठींच्या नमुन्यांत सिटासीचा डीएनए सापडला. नंतर रुग्णांच्या नेत्रश्लेष्मलेतून व रक्तपेशींतून जिवंत जीवाणूही वाढवता आला. हा पुरावा वजनदार आहे, कारण डीएनए ही केवळ जुन्या संसर्गाची खूण असू शकते.

इतरत्र मात्र आकडे जुळले नाहीत. २००६ मधील बहुराष्ट्रीय तपासणीत जर्मनीतील ४७ टक्के, नेदरलँड्समधील २९ टक्के, ब्रिटनमधील १२ टक्के आणि दक्षिण चीनमधील ११ टक्के नमुन्यांत जीवाणू मिळाला. खुद्द इटलीतील नमुन्यांत तो १३ टक्केच होता. कोरियात तो तीन-चतुर्थांशांहून अधिक नमुन्यांत आढळला, तर फ्लोरिडात एकाही नमुन्यात नाही. चाचणीची पद्धत, नमुन्याची जपणूक आणि प्रदेशाप्रदेशांतील खरा फरक या तिन्हींचा यात वाटा असावा. तेव्हा सिटासीला या रोगाचे एकमेव कारण म्हणणे आज तरी अन्यायाचे आहे. काही प्रदेशांतील काही रुग्णांत तो खरा भागीदार असावा, एवढेच पुराव्यावरून म्हणता येते.

उपचारांचे निकालही तसेच दुभंगलेले आहेत. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तीन आठवडे, असा क्रम २७ रुग्णांना दिल्यावर १३ जणांची गाठ पूर्ण वा अंशतः ओसरली. त्यांत डीएनए न सापडलेलेही होते. व्हिएन्नात जीवाणूची तपासणी न करता ११ जणांना प्रतिजैविक दिले, तेव्हा एकालाही गुण आला नाही. जीवाणू न सापडताही औषध लागू पडते, याची दोन कारणे संभवतात: चाचणी जीवाणू हेरण्यात चुकते, किंवा औषधाच्या दाहशामक गुणाचा परिणाम होतो. हे लिम्फोमा क्वचित आपोआपही आकसतात, म्हणून लहान अभ्यासांतील यश जपून मोजावे लागते.

तरीही प्रतिजैविकांचा हा मार्ग सोडून देण्याजोगा नाही. २४ ते ३० ग्रे मात्रेचा किरणोपचार बहुतेकांची गाठ काबूत आणतो, पण मोतीबिंदू व डोळ्यांचा कोरडेपणा मागे ठेवू शकतो. बायोप्सीने निदान पक्के झालेल्या आणि दृष्टीला तातडीचा धोका नसलेल्या रुग्णात आधी डॉक्सिसायक्लिन देऊन पाहता येते. गाठ ओसरायला कित्येक महिने लागू शकतात. तोवर नेत्रतज्ज्ञ व कर्करोगतज्ज्ञ या दोघांचीही देखरेख लागते.