फिलाडेल्फिया गुणसूत्र : कारण की परिणाम?

कर्कपेशींत आढळणारी गुणसूत्रांची विकृती हे रोगाचे कारण मानावे की रोगाचा परिणाम, हा प्रश्न विसाव्या शतकात दीर्घकाळ अनिर्णित राहिला. अर्बुदांचा उगम गुणसूत्रांतील बिघाडात असावा, असा सिद्धांत जर्मन प्राणिशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ साली मांडला. परंतु तो पडताळण्याची साधने तेव्हा उपलब्ध नव्हती. मनुष्याच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात ही प्राथमिक गोष्टदेखील त्जिओ व लेव्हान यांनी १९५६ साली सिद्ध केली.

१९६० साली फिलाडेल्फिया येथील पीटर नॉवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांनी एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्तकर्करोगाच्या सात रोग्यांच्या पेशींत सर्वांत लहान गुणसूत्रांपैकी एक नेहमीपेक्षाही आखूड झालेले त्यांना आढळले होते. या विकृतीचा रोगाशी कार्यकारणसंबंध असावा, असे त्यांनी सुचविले. पुढे त्या शहरावरूनच हे गुणसूत्र ओळखले जाऊ लागले.

तथापि या अनुमानास व्यापक मान्यता लाभली नाही. तीव्र स्वरूपाच्या ल्युकेमियांत रोग्यागणिक निरनिराळ्या विकृती दिसत, तर कित्येकांत एकही दिसत नसे. त्यामुळे फिलाडेल्फिया गुणसूत्र हा एक अपवाद होय, आणि एरवी गुणसूत्रांची मोडतोड ही रोगामागून येते, असेच बहुसंख्य अभ्यासक मानीत. शिवाय आकारावरून गुणसूत्रांची नेमकी ओळख पटत नसे. आखूड गुणसूत्र हे २१ वे असावे असा प्रारंभीचा समज होता. १९७० नंतर पट्टे उमटविणाऱ्या रंजनपद्धती प्रचारात आल्या, तेव्हा ते २२ वे असल्याचे ठरले.

याच पद्धतींच्या साहाय्याने शिकागो येथील जॅनेट राउली यांनी १९७३ साली निर्णायक शोध लावला. २२ व्या गुणसूत्राचा तुटलेला भाग नष्ट झालेला नसून ९ व्या गुणसूत्राच्या टोकास जोडला गेलेला होता. या शोधाने प्रश्नाचे स्वरूपच पालटले. तोवर ‘काय नाहीसे झाले?’ असे विचारले जात होते. आता ‘काय कशास जोडले गेले?’ हे विचारणे प्राप्त झाले. ९ व्या गुणसूत्रावरील एबीएल जनुक २२ व्यावर जाते, हे १९८२ साली दिसून आले. तेथे बीसीआर जनुकाशी त्याचा संयोग होऊन अखंड कार्यरत राहणारे एक विकर निर्माण होते आणि पेशींची वाढ अनिर्बंध होते, हेही त्याच दशकात उलगडले. या विकरास रोखणाऱ्या इमॅटिनिब या औषधास २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. कारण दूर केले असता रोग हटतो, ही कार्यकारणसंबंधाची सर्वांत कठोर कसोटी येथे उतरली.

मात्र यावरून संशयवादी अभ्यासक सर्वस्वी चुकले होते, असे म्हणता येत नाही. हाच रोग तीव्र अवस्थेत जातो तेव्हा ८ व्या गुणसूत्राची जादा प्रत किंवा दुसरे फिलाडेल्फिया गुणसूत्र यांसारख्या नव्या विकृतींची भर पडते. एकाच पेशीपासून निघालेला वंश असा टप्प्याटप्प्याने बदलत जातो, हे नॉवेल यांनीच १९७६ साली प्रतिपादिले. म्हणजे आरंभीची विकृती कारणरूप असते, आणि नंतरच्या विकृती रोगाच्या वाटचालीत उद्भवून त्या वाटचालीस वेग देतात. कारण की परिणाम, या वादाचे उत्तर विकृतीच्या नुसत्या अस्तित्वात नसून तिच्या क्रमात होते.