ग्राझचा बारा खेळ्यांचा डाव

जुने डाव पटावर मांडून पाहण्याची खोड मला पुष्कळ वर्षांची आहे. १९७२ सालचा हा डाव पहिल्यांदा मांडला, तेव्हा छपाईची चूक असावी असेच वाटले.

ऑस्ट्रियातील ग्राझ, जागतिक विद्यार्थी सांघिक स्पर्धा. पांढरी मोहरी पश्चिम जर्मनीच्या रॉबर्ट ह्यूब्नरकडे, वय २३. काळी अमेरिकेच्या केनेथ रोगॉफकडे, वय १९. तिसऱ्या खेळीला पांढऱ्याचा घोडा आल्या वाटेने घरी परततो. पाचव्या खेळीत पांढरा वजीर एका प्याद्यासाठी जातो, आणि लगेच काळाही आपला वजीर राजाच्या पुढ्यात नेऊन टाकतो. बारा खेळ्यांनंतर बरोबरी. तेव्हा काळ्याकडे अख्खा हत्ती जास्त होता!

झाले होते असे, की दोघांनी एकही खेळी न करता बरोबरी मान्य केली होती. पंचांना ते चालेना. खेळलेच पाहिजे, असा आग्रह धरला. म्हणून ही थट्टा. पंच चिडले, माफी मागा म्हणाले. रोगॉफने मागितली. ह्यूब्नरने नाही मागितली, आणि त्याला पराभूत ठरवण्यात आले.

ह्यूब्नरची बाजू मला प्रथम सरळ पटली. ठरवून केलेल्या बरोबऱ्या तेव्हा नव्या नव्हत्या. १९६२च्या कुरासाव स्पर्धेनंतर, सोव्हिएत खेळाडू आपसांत डाव बरोबरीत सोडवतात, असा जाहीर आरोप फिशरने केला होता. वीसेक सभ्य खेळ्या करून हात मिळवले की कोणी हरकत घेत नसे. ग्राझला या पोरांनी नाटक नीट वठवले नाही, एवढाच गुन्हा.

पण स्पर्धा सांघिक होती. गेला तो अर्धा गुण एकट्या ह्यूब्नरचा नव्हता. हे ध्यानात यायला मला फार वेळ लागला, आणि तेव्हापासून त्याचा कैवार घेताना जरा अडखळतो.

माणूस हट्टी खराच. आदल्याच वर्षी सेव्हिलला पेट्रोशियनविरुद्ध सातवा डाव हरल्यावर, गोंगाटाला वैतागून तो सामना सोडून गेला होता. पुढे तो प्राचीन पपायरसांचा अभ्यासक म्हणूनही नावाजला. रोगॉफ आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा मुख्य अर्थतज्ज्ञ झाला.

१९८३मध्ये स्मिस्लॉवविरुद्ध ह्यूब्नरचा सामना जादा डावांनंतरही ७-७ असा बरोबरीत राहिला. निकाल कॅसिनोतल्या रूलेटच्या चक्रावर लावला गेला. चक्र स्मिस्लॉवच्या बाजूने थांबले. तो निकाल मात्र नियमाला धरून होता.